गळलेला काना

बमरोली, सुरत
३० जून २०२५

ती. सुंदराताईस,

हेमराज पाया पडतो. परवा फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला, शेजारचे बघायला आले, आणि तू तिकडून एवढंच म्हणालीस की 'हो, जेवले'. मी जेवणाचं विचारलंच नव्हतं. म्हणून हे पत्र. अमळनेरच्या लक्झरी बसवर आपला उखा आहे, तो हातोहात आणून देईल. पत्राबरोबर तो माझ्या चहाड्याही सांगेल, त्यातल्या निम्म्या खऱ्या धर.

बातमी अशी की मी नाटक लिहिलंय. पूर्ण अहिराणीत. लेखन माझं, चाली माझ्या, बसवतोय मीच, आणि त्यात बापाचं कामही मीच करतोय. सुषमा म्हणते, एवढं करता आहात तर तिकिटं पण तुम्हीच फाडा आणि टाळ्या पण तुम्हीच वाजवा. तिचं काय चुकलं? तीस वर्षं ती बघते आहे. मी एका जागी बसलेला तिला ठाऊकच नाही. आप्पांच्या फडात टाळ धरले, मिसरूड फुटेपर्यंत तुझं लुगडं नेसून स्त्रीपार्ट केले, मग पेटी शिकलो. पेटी हाताला बसली तोवर फड मोडला आणि मी सुरतेला लूमवर आलो. तिथे हात चालायला लागले तर नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवू लागलो. त्यातून गुजराती नाटकात शिरलो. आणि गुजराती नाटकात मराठी माणूस म्हटला की नोकर! इतकी वर्षं मी खांद्यावर फडकं टाकून 'जी शेठ, लावू छुं शेठ' म्हणत पाणी आणतोय. एकदा घरी सुषमानं पाणी मागितलं तर तोंडातून तेच निघालं.

लोक म्हणतात हेमराजला सगळं येतं. ते ऐकलं की मला रात्री झोप लागत नाही. सगळं येतं याचा अर्थ काय, तर माझं म्हणून एकही नाही. हे नाटक तरी माझं व्हावं. नाव ठेवलंय 'आंडोर'. फडवाला बाप आणि त्याचा मुलगा. बाप म्हणजे आपले आप्पा, आणि मुलगा कोण ते तू ओळखशीलच.

प्रयोग कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दोन ऑगस्टला, कोसाड आवास वसाहतीतल्या आपल्या समाजाच्या वाडीत. इथे हॉलला वाडी म्हणतात. आजवर तू माझं एकही काम पाहिलं नाहीस. दर वेळी काहीतरी निघतं, कापूस वेचायचा असतो, नाहीतर तुझ्या सुकदेवचा ताप. मी कधी विचारलं नाही. या वेळी विचारतो, येशील का?

तुझा
हेमराज


अमळनेर
६ जुलै

चि. हेमराज यास सुंदराचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. उखानं सांगितलं की तू वाळलास आणि चहा फार पितोस. ते खरं धरलं.

खरं सांगू? पत्र वाचून मी नाही म्हणणार होते. ऐकू येत होतं तेव्हा कामातून वेळ नव्हता, आता वेळ आहे तर ऐकू येत नाही. बहिऱ्या बाईनं नाटकाला जाऊन करायचं काय? पंख्याखाली बसून यायचं, एवढंच. पोस्टकार्ड आणायला सुकदेवला सांगितलंसुद्धा.

पण काल सुकदेवनं त्याच्या फोनवर तुझ्या बॅनरचा फोटो दाखवला. केवढा मोठा रे! त्यावर तू आप्पांसारखा फेटा बांधून उभा. आणि डोक्यावर लाल अक्षरांत नाव, 'आंडेर'. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पत्रात मला 'आंडोर' दिसलं होतं. तुझं अक्षर लहानपणापासून असंच आहे, मीच चुकीचं वाचलं असेल म्हटलं.

फडवाल्याची आंडेर म्हणजे मीच की. दुसरी लेक होती कुठे त्यांना?

हेमा, मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी ते चित्र सखुबाईला दाखवलं, गिरणीवर दाखवलं, भाजीवालीलाही दाखवलं. सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावानं माझं नाटक लिहिलं. ताप्ती लाईनच्या गाडीचं तिकीट काढायला लावलंय. सून हर्षदा बरोबर येईल. ऐकू आलं नाही तरी मला ओठ वाचता येतात. हर्षदा चुलीकडे तोंड करून जे पुटपुटते ते सोडून बाकी सगळं कळतं.

काळजी घे. चहा कमी कर.

सुंदरा


बमरोली
९ जुलै

ती. ताईस,

तुझं पत्र मी पायरीवर उभ्याउभ्याच वाचलं आणि तिथेच बसलो.

ताई, तू बरोबर वाचलं होतंस. नाव 'आंडोर'च आहे. फ्लेक्सवाल्यानं 'डो'चा काना गाळला. गुजराती पोरगा, त्याला काय कळणार! मी दुकानात जाऊन आरडाओरडा केला. त्याला समजावलं, अरे बाबा, आंडोर म्हणजे मुलगा, दीकरो, आणि आंडेर म्हणजे मुलगी, दीकरी. तो म्हणाला, 'काका, एक लीटीमां शुं फरक पडे?' एका रेघेनं काय फरक पडतो म्हणे! घरी आलो तर दारात आवासातल्या बायका. इंदुबाई नावाची एक म्हातारी सगळ्यांच्या पुढे. मला म्हणते, 'भाऊ, पोरंस्ना नाटकं लई दखात, आंडेरनं पहिलंच शे. आम्ही समद्या येतंस.' मुलांची नाटकं खूप पाहिली, मुलीचं हे पहिलंच, म्हणून आम्ही सगळ्या येतो. माझी नाटकमंडळी म्हणतेय बॅनर उतरवा, नवीन छापा. मी कालपासून हो म्हणतोय आणि उतरवत नाही.

कारण सांगतो. नाटकात मुलगीच नाही, ताई. बाप आहे, मुलगा आहे, सावकार आहे, फडातला सोंगाड्या आहे, एक गाढवसुद्धा आहे. मुलगी नाही. तुझं पत्र येईपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तुला खोटं सांगून बोलवायला मन धजत नाही. तू गिरणीपर्यंत सांगून बसलीस, आता मी काय करू? तू रागावून तिकीट रद्द केलंस तरी मी काही म्हणणार नाही. रात्रपाळीत लूमच्या खडखडाटात सारखं हेच डोक्यात फिरतंय. परवा धागा तुटला तरी माझा लूम तसाच चालू राहिला, शेठनं चार माणसांत झापलं.

लवकर कळव.

हेमराज


अमळनेर
१३ जुलै

चि. हेमराज,

गाढव आहे आणि मी नाही!

ते वाचून मी आधी हसले. हर्षदा धावत आली, तिला वाटलं मला काही झालं. मग मला राग आला. आई गेल्यावर तुझ्या नाकाचा शेंबूड कोणी पुसला? गाढवानं?

आता माझं नीट ऐक. तिकीट रद्द होणार नाही. मी गावभर सांगून बसलेय, ते परत घ्यायला मी काही दारोदार फिरणार नाही. आणि तो फ्लेक्सवाला पोरगा मला तुझ्यापेक्षा हुशार वाटतो. बॅनर राहू दे. तुला सगळं येतं असं लोक म्हणतात ना? मग मुलगी लिही. दोन ऑगस्टला मी पहिल्या ओळीत बसणार आणि फडवाल्याच्या घरात मुलगी होती हे मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर उठून स्टेशनवर जाईन. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

सुंदरा


बमरोली
१९ जुलै

ती. ताईस,

लिहिली! दोन पाळ्या बुडवल्या, पण लिहिली. बरोबर प्रवेश पाठवतोय.

मुलीच्या कामाला मयुरी नावाची मुलगी मिळाली. आवासातच राहते, साडीवर टिकल्या लावायचं काम करते. घरात अहिराणी, बाहेर गुजराती, आणि चिडली की हिंदी. पहिल्या दिवशी मला म्हणाली, 'अंकल, इसमें तो लडकी कुछ करती ही नहीं.' मी म्हटलं, थांब, करेल.

प्रवेश असा आहे. फड गावाबाहेर निघतो. बाप लहान मुलाला झोपेतून उठवून नेतो. मुलगी दाराची चौकट धरून उभी राहते आणि रडते. तिचं गाणं आहे, 'उनी गाडी, गयी गाडी, भाऊ मना गया दूर.' चाल मी पेटीवर बांधली तेव्हा आमचा ढोलकीवाला महेश रडला, आणि महेश त्याच्या लग्नातही हसला नव्हता. इंदुबाई तालमीला येऊन बसते, तिनं तर डोळ्यांचा पदर काढलाच नाही. तुझी सगळी माया त्यात घातलीय मी. गाणं येत असून घरात राहिली, भावाला पुढे जाऊ दिलं, स्वतः चुलीपाशी जळली, अशी मुलगी. शेवटी बापाला तिची किंमत कळते.

वाचून कळव. मला धीर नाही.

हेमराज


अमळनेर
२२ जुलै

हेमराज,

ही रडकी कोण?

मी कधी रडले? तुला कोणी सांगितलं? तू तर झोपेत असायचास, आप्पांच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून. आणि गाडी कसली? फडाकडे गाडी होती कधी? पायी जायचात सगळे, पेटी त्या सोंगाड्याच्या डोक्यावर. गावचे लोक हे ऐकतील आणि म्हणतील सुंदराच्या बापाकडे गाडी होती.

तू मला चुलीपाशी जाळलंस ते आवडलं नाही. गाणं येत असून घरात राहिली म्हणे. मला गाणं आवडायचंच नाही, हेमा! आज लिहूनच टाकते. तालीम आपल्या ओसरीवर. रात्रंदिवस ढोलकी. सगळ्या फडाच्या भाकरी मी थापायच्या आणि मी थापत असताना ते तिकडे तेच तेच गाणं घोळायचे. एक ओळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं या पेटीत पाणी ओतावं. तुम्ही गेलात की घर कसं निवांत व्हायचं. मी दार लावून घ्यायचे आणि गाढ झोपायचे. लग्न ठरलं तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, त्यांच्या घरात कुणी गात नाही ना?

तू इतकी वर्षं विचारत नव्हतास, मी का येत नाही. हे कारण. बहिणीला तुझं वाजवणं आवडत नाही, एवढंच. वाईट वाटून घेऊ नकोस. तू सगळ्यांना आवडतोस, एक मी नसले तर काय बिघडलं?

रडणं काढ. गाणंही काढ. ती दार लावून घेते असं दाखव. तेच खरं आहे.

सुंदरा


बमरोली
२५ जुलै

ती. ताईस,

पत्र वाचून मी दिवसभर पेटीला हात लावला नाही. सुषमा घाबरली. पेटी बंद राहिली की तिला वाटतं मला ताप आला.

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणालीस, पण वाटलं. मला आयुष्यभर वाटत आलं की तुला गायचं होतं आणि ते मला मिळालं. म्हणून एक सोडून दुसरं धरत राहिलो. वाटायचं, तुझ्याही वाटचं करायचं आहे मला, एकानं भागणार नाही. आणि तुला पेटीत पाणी ओतायचं होतं! मग मी धावत होतो ते कशासाठी?

असो. रडणं काढलं, गाणं काढलं. महेश रुसला, मंडळी म्हणाली तेच एक चांगलं होतं. मी ऐकलं नाही. आता प्रवेश असा आहे. रंगमंचावर मध्ये नुसती दाराची चौकट आणि कडी. एका बाजूला फड निघतोय, दुसऱ्या बाजूला मुलगी. ती दार लावते. कडी लागते. बाप थोडा थांबतो आणि जातो.

इथे अडलंय. मयुरी रोज विचारते, 'अंकल, दरवाजा बंद किया, फिर? दारामागे मी काय करू?' मी म्हटलं झोप. ती म्हणाली, उभ्या उभ्या कशी झोपू? खरं आहे तिचं. प्रेक्षकांना ती दिसत राहते, त्यांच्यासमोर नुसतं उभं राहिलं की हात कुठे ठेवायचे कळत नाही. तूच सांग, दार लावल्यावर तू काय करायचीस? लगेच झोपायचीस की आधी काही?

सबंध नाटक लिहून बरोबर पाठवतोय. पाठ करून ये, म्हणजे ओठ वाचायला सोपं जाईल. एक सांगायचं राहिलं. त्याच शनिवारी गुजराती कंपनीचा मुंबईत प्रयोग आहे, नोकराच्या कामासाठी त्यांनी बोलावलं होतं. नाही म्हटलं. आता पुन्हा बोलावतील असं वाटत नाही. सुषमाला अजून सांगितलं नाही, उखालाही सांगू नकोस.

हेमराज


अमळनेर
२८ जुलै

चि. हेमराज,

दार लावल्यावर काय करणार? भांडी असायची.

आणि बाई दार लावून घेते ती आत काय करते हे कुणी विचारू नये म्हणूनच ना? तेवढी जागा रिकामी ठेव. मयुरीला सांग, काही करू नकोस, कडीवर हात ठेवून उभी राहा. जमेल तिला.

नाटक पाठ झालं. सावकाराचं बोलणं लांबलंय, ते कमी कर. गाढव ठेव, चांगलं आहे.

शुक्रवारच्या गाडीनं निघतो. उधना स्टेशनवर घ्यायला ये. नाहीतर सुषमाला पाठव, ती वेळेवर येते.

सुंदरा


अमळनेर
६ ऑगस्ट

चि. हेमराज यास आशीर्वाद. सुखरूप पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी घराघरांत कानबाईची गडबड, तुझ्याकडे पाहुणे, आणि आम्हाला संध्याकाळची गाडी. त्यात तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तू माझ्याकडे बघायचास आणि तोंड फिरवायचास, ओठ वाचायलाही मिळाले नाहीत. म्हणून लिहिते.

नाटक चांगलं झालं. हे मी तुझी बहीण म्हणून म्हणत नाही. मला कंटाळा आला असता तर मी झोपले असते, हर्षदाला विचार. हॉलमध्ये बायका किती! इंदुबाई माझ्या शेजारी बसली होती, सारखा माझा हात धरायची. तू फेटा बांधून आलास. चालणं तेच, मान तिरकी करणं तेच. आप्पा गेले तेव्हा मी सासरी होते, शेवटचं बघायला मिळालं नव्हतं. ते तुझ्याकडून बघून घेतलं. मयुरी गुणाची आहे. तिनं काही केलं नाही, तेच चांगलं केलं.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक. दाराच्या त्या प्रवेशात पुढच्या ओळीतले सगळे एकदम वळून माझ्याकडे का बघायला लागले? मी नुसती बसले होते. खोकले का? माझ्या खोकल्याचीही मला जाणीव होत नाही हल्ली. हर्षदाला विचारलं तर म्हणते, 'काही नाही, आई', आणि डोळे पुसते. इंदुबाईनं तर मला मिठी मारली. लोक टाळ्या वाजवताना दिसले, पण तेव्हा रंगमंचावर कुणी काही करत नव्हतं.

दुसरी. मी सगळं नाटक पाठ करून आले होते. एकेक शब्द ओठांवर बरोबर उतरत होता. पण दार लागल्यावर आप्पांनी जायचं होतं. कागदावर 'बाप थोडा थांबतो आणि जातो' असं आहे, मी पुन्हा काढून बघितलं. तू गेला नाहीस. वळलास, सरळ माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, 'चाल.' तो शब्द कागदावर नाही. मला वाटलं नाटक संपलं, तू निघायला सांगतोयस, म्हणून मी उठले. पिशवी पण घेतली हातात. हर्षदानं पदर ओढून खाली बसवलं. पुढे तर अजून सावकार यायचा होता! हसं झालं माझं.

एवढं पाठ असून तू असा कसा चुकलास?

सुंदरा


बमरोली
९ ऑगस्ट

ती. ताईस,

तुझं पत्र येऊन दोन दिवस झाले. हर्षदाला मीच बजावलं होतं, काही सांगू नकोस म्हणून. मलाही सांगायचं नव्हतं. 'खोकलीस' असं लिहून पाकीट चिकटवलंही होतं, ते फाडलं. तू मला सरळ विचारलंस, आणि तिथे जे झालं ते हॉलमधल्या सगळ्यांना माहीत आहे. एकट्या तुलाच माहीत नसावं हे मला बरं वाटत नाही.

तुला तुझा आवाज आता कळत नाही. मनातल्या मनात बोलतेस असं तुला वाटतं आणि ते शेतातून हाक मारावी तसं बाहेर येतं. घरी हर्षदा तुला हळू बोला म्हणते ना, ते यासाठी.

मयुरीनं कडी लावली. कडीवर हात ठेवून ती उभी राहिली, तू सांगितलंस तशी. महेशनं ढोलकी थांबवली. मी थोडा थांबलो, आणि जायला पाऊल उचललं. तेवढ्यात तू बोललीस. पहिल्या ओळीतून, अगदी स्वच्छ.

'आप्पा, माले बी लई चाला.'

एवढंच म्हणालीस. मलाही घेऊन चला. लोकांना वाटलं आम्हीच तुला तिथे बसवलंय, नाटकाचाच भाग आहे, म्हणून टाळ्या पडल्या. मग इंदुबाईनं तुझा चेहरा पाहिला. तिच्या लक्षात आलं.

तू लिहिलंस की तुला गाणं आवडायचं नाही. भाकरी थापताना कान किटायचे, हे मी मानतो. घर निवांत व्हायचं, हेही मानतो. खोटं लिहिलंस असं म्हणत नाही. पण आवाज तुझा होता, ताई, आणि तो लहान मुलीचा होता. मी इतकी सोंगं केली, बायकांची, नोकरांची, राजांची. असा आवाज मला कधी काढता आला नाही.

मी काय करायला हवं होतं? खरे आप्पा असते तर गेले असते. त्यांना ऐकू आलंच नसतं, कारण तू त्यांना कधी म्हणालीच नाहीस, दार लावून घेत राहिलीस. पण मला ऐकू आलं. फेटा माझ्या डोक्यावर होता, काठी माझ्या हातात होती, तेवढ्या वेळापुरता मीच आप्पा होतो. ऐकून तसाच निघून गेलो असतो तर पुन्हा रंगमंचावर उभा राहू शकलो नसतो. मी चुकलो नाही, ताई. तू विचारलंस, मी 'चाल' म्हणालो.

आणि तू लिहितेस की नाटक संपलं असं वाटून तू उठलीस. मी तुला उठताना बघत होतो. पिशवी हातात घेतलीस, चप्पल पायात सरकवलीस, आणि हर्षदाकडे न बघता रंगमंचाच्या पायरीकडे पाऊल टाकलंस. हॉलचं दार तुझ्या पाठीमागे होतं, ताई. तू निघाली होतीस ती माझ्याकडे.

तुझा
हेमराज